सहाशे तास सिम्युलेटरवर झाले, आता पुढे?

पत्र: अक्कलकोट रोडवर माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी बारावीला आहे, गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन. दोन वर्षांपासून ती घरच्या कॉम्प्युटरवर विमानाचं सिम्युलेटर चालवते. सहाशे तास झाले म्हणते, आणि सेस्ना १७२ हे छोटं विमान आपण आत्ताही उतरवू शकू अशी तिची खात्री आहे. तिला पायलट व्हायचंय, आमची ना नाही. पण तिला योक (हातात धरून विमान वळवायचं नियंत्रण), पेडल आणि मोठा स्क्रीन असा सव्वा लाखाचा संच हवाय. दुसरीकडे एका क्लासवाल्यांनी 'आमच्या सिम्युलेटरवर पन्नास तास करा, ते पुढे लायसन्सला धरले जातात' असं सांगून साठ हजार मागितलेत. काय करावं? आणि सिम्युलेटर येणाऱ्याला खरं विमान चालवता येतं का?
– एक वडील, सोलापूर

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे. पैशांचं मात्र लगेच सांगता येतं, म्हणून ते आधी. क्लासचे साठ हजार भरू नका. आणि सव्वा लाखाच्या संचाचा विचार करण्याआधी मुलीची वैद्यकीय तपासणी करून घ्या.

लायसन्सला तेच तास धरतात जे डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या केंद्रीय नियामक संस्थेची, मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेत होतात आणि रीतसर लॉगबुकात चढतात. कमर्शिअल पायलट लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणजे बाहेर काही दिसत नसताना फक्त पॅनलवर विसंबून विमान चालवण्याची परवानगी. तिला त्या प्रकारचे ४० तास लागतात आणि त्यातले जास्तीत जास्त २० मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. म्हणजे 'सिम्युलेटरचे तास धरले जातात' हे वाक्य खोटं नाही. पण ते तुमच्या मुलीला आज, लायसन्सच्या वाटेवर पहिलं पाऊल टाकण्याआधी, एखाद्या क्लासच्या खोलीतल्या यंत्रासाठी सांगितलं जात असेल तर ते दिशाभूल करणारं आहे. क्लासवाल्यांकडे तीन गोष्टी लेखी मागा: त्या उपकरणाला डीजीसीएने दिलेलं मान्यतापत्र, त्याची मुदत, आणि हे तास नेमक्या कोणत्या लायसन्सला किंवा रेटिंगला किती धरले जातील. 'नंतर दाखवतो' असं उत्तर आलं तर तिथून उठा. मान्यता असलेल्या संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते, ती स्वतः उघडून बघा.

वैद्यकीय तपासणीचं पहिल्यांदा सांगतोय त्याला कारण आहे. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे आधी क्लास २ तपासणी होते: डोळे, रंग ओळखण्याची चाचणी, कान, रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे. कमर्शिअल लायसन्ससाठी पुढे क्लास १ लागते. चष्मा आहे म्हणून सहसा कुणी अडत नाही, पण रंगांच्या चाचणीत गडबड निघाली तर सगळं गणित बदलतं, आणि ही गोष्ट माणसाला एरवी आयुष्यभर जाणवतसुद्धा नाही. पूर्ण प्रशिक्षणाचा खर्च आज साधारण अर्ध्या कोटीच्या घरात जातो. त्याच्यापुढे या तपासणीचा खर्च काहीच नाही, आणि पुढचा प्रत्येक रुपया तिच्या निकालावर अवलंबून आहे. स्टुडंट पायलट लायसन्स १६ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, प्रायव्हेट १७ ला, कमर्शिअल १८ ला. गणित-भौतिकशास्त्र घेऊन बारावी, हे तिने केलंच आहे. वयाची घाई अजिबात नाही.

आता सहाशे तासांचं. ते वाया गेलेले नाहीत, हे तिला आमच्याकडून स्पष्ट सांगा. कोणतं घड्याळ काय दाखवतं, व्हीओआरची (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ-केंद्राची) सुई कशी पकडायची, आयएलएसवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ-संकेतांवर) खाली कसं यायचं, चेकलिस्ट कोणत्या क्रमाने जाते, हे तिला येत असणार, आणि त्यात ती अनेक नव्या विद्यार्थ्यांच्या पुढे असेल. सिम्युलेटरचा पहिला मोठा उपयोगही हाच होता. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास हवेच्या भात्यांवर हलणारी छोटी पेटी बनवली. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराने त्यातल्या सहा विकत घेतल्या, कारण खराब हवेत टपाल नेताना त्यांचे वैमानिक मरत होते आणि आंधळ्या हवेत पॅनल वाचून उडायला शिकवायचं दुसरं सुरक्षित साधन नव्हतं. नव्वद वर्षांनंतरही घरच्या सिम्युलेटरची ताकद तिथेच आहे: डोळ्यांनी वाचायचं आणि डोक्याने ठरवायचं काम. हात, पाय आणि शरीर यांचं काम त्यावर फार थोडं शिकता येतं, आणि काही बाबतीत उलटं शिकलं जातं. हे उलटं शिकणं आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. न शिकलेलं शिकवता येतं, पण चुकीची मुरलेली सवय मोडायला विमानाचे तास जातात, आणि त्या तासांचे पैसे तुम्ही भरता.

सगळ्यात मोठी गोष्ट ट्रिमची, म्हणजे योकवरचा भार हाताने पेलावा लागू नये म्हणून एका चाकाने लावायच्या सोयीची. घरच्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते, ती काठी नेहमी मधोमध आणते. खऱ्या सेस्नात योकवर जाणवणारा जोर स्प्रिंगचा नसतो, शेपटीवरून जाणाऱ्या हवेचा असतो, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ५५ नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) योक हातात सैल वाटतो, ११० नॉटला तीच हालचाल करायला चौपट जोर लागतो. वेग कमी होतोय हे खरा वैमानिक वेगमापक बघण्याआधी तळहाताला ओळखतो. शिवाय ट्रिमचं चाक फिरवताना खऱ्या विमानात योक आहे त्याच जागी राहतो आणि हातावरचा भार विरघळत जातो. जॉयस्टिकवर तसं होत नाही. ट्रिम फिरवताना काठी हळूहळू मधोमध सोडत न्यावी लागते, म्हणजे एकाच वेळी दोन हातांनी दोन उलट गोष्टी. म्हणून सिम्युलेटरवाली मुलं ट्रिम टाळतात, काठी सतत ढकलत किंवा ओढत उडतात, किंवा सरळ ऑटोपायलट लावतात. खऱ्या विमानात दहा मिनिटांत हात भरून येतो, विमान शंभर-शंभर फूट वर-खाली होतं, आणि इन्स्ट्रक्टर पहिल्या तासापासून एकच ओरडत राहतो: नाक ठरव, पॉवर ठरव, मग ट्रिम. हा क्रम तिला आजपासून पक्का करता येईल. ३,००० फुटांवर १०० नॉट, ट्रिम करून काठी सोडायची आणि एक मिनिट हात मांडीवर ठेवायचे. उंची ५० फुटांपेक्षा जास्त हलली तर पुन्हा. मग थ्रॉटल कमी करून ७० नॉट, १० अंश फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्या), आणि परत तेच. कंटाळवाणं आहे, पण आठवडाभर हेच करावं.

दुसरी गोष्ट पाय. सेस्नाचा पंखा आत बसलेल्याच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो. पूर्ण पॉवर दिली की नाक डावीकडे ओढलं जातं, आणि वेग कमी, नाक वर अशा चढाईत तर जास्तच. उजवा पाय दाबून ते सरळ ठेवायचं असतं. पुष्कळ सिम्युलेटरांत हे काम आपोआप करणारी सोय चालू असते आणि चालवणाऱ्याला ती चालू आहे हे माहीतही नसतं. ती आधी बंद करायला सांगा, बाकीच्या सगळ्या मदतनीस सोयींसकट. जमिनीवरही विमान पायांनीच वळतं. योक फिरवून काही होत नाही, तरी नवखे लोक गाडीच्या स्टिअरिंगसारखा तो फिरवत बसतात. आणि पेडलच्या वरच्या भागावर ब्रेक असतात. टाचा जमिनीला टेकवून पाय खाली ठेवायची सवय नसेल तर उतरताना नकळत ब्रेक दाबला जातो आणि टायर एका जागी घासून निघतो.

पायांचं एवढं का सांगतोय, तर जीव जाण्याची एक ओळखीची वाट इथूनच जाते. उतरायला येताना शेवटचं वळण उशिरा घेतलं, धावपट्टीची रेघ ओलांडली जातेय असं वाटलं, की माणूस पंख जास्त न कलवता पायाने नाक आत ढकलतो, आणि नाक खाली जातंय म्हणून योक मागे ओढतो. आतल्या पंखावर आधी स्टॉल येतो, म्हणजे त्याची उचलून धरण्याची ताकद तुटते, आणि विमान गिरकी घेतं. उंची असते पाचशे फुटांच्या आसपास, तिथून सावरायला जागा नसते. पंख ४५ अंश कलवून उंची धरून ठेवायची तर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्के वाढतो, ६० अंशांना ४१ टक्के. सिम्युलेटरमध्ये हे आकडे बरोबर चालतात, पण पाठीला खुर्चीत दाबणारा भार नसतो, स्टॉलआधीची शरीराला जाणवणारी थरथर नसते, योक सैल पडल्याचं कळत नाही. चालत्या मागावर धागा तुटला की तुमच्या कामगाराला आधी आवाज बदललेला कळतो आणि मग नजर जाते. विमानातही तसंच असतं, आणि घरच्या खुर्चीत ते येत नाही.

म्हणून संचातलं काही घ्यायचंच असेल तर आधी फक्त रडर पेडल (शेपटीवरचं सुकाणू पायांनी हलवायचे) घ्या. योक नंतर बघू, मोठा स्क्रीन तर नकोच. पेडल फरशीवर घसरतात, खाली रबरी मॅट लागेल, आणि खुर्चीला चाकं असतील तर ती काढून टाका, नाहीतर उजवा पाय दाबला की खुर्चीच मागे जाते. सध्याची जॉयस्टिक चांगली चालत असेल तर तीच ठेवा, संवेदनशीलतेचा वक्र मधोमध थोडा सपाट करून. मायक्रोसॉफ्टचं सिम्युलेटर की एक्स-प्लेन, हा वाद तिच्या मित्रमंडळीत चालत असेल. तिच्या आजच्या गरजेला दोन्ही पुरतात.

'उतरवू शकते' या खात्रीबद्दल. धावपट्टीपर्यंत ती नक्की येऊ शकेल. शेवटच्या वीस फुटांत अडेल. खाली येताना जमीन किती जवळ आली हे माणूस मुख्यतः डोळ्यांच्या कडांनी ओळखतो. नजर धावपट्टीच्या लांबच्या टोकाकडे असते आणि दोन्ही बाजूंची जमीन पसरत वर येताना दिसते. माणसाला आडवं साधारण २०० अंश दिसतं, टेबलावरचा स्क्रीन त्यातला लहानसा तुकडा दाखवतो आणि त्याला खोली नसते. त्यामुळे सिम्युलेटरवर शिकलेली मुलं उंचीचा आकडा बघून किंवा ठरावीक दृश्य आलं की नाक उचलतात. खऱ्या विमानात ते एकतर उंचावरच होतं आणि विमान वरून आपटतं, नाहीतर उशिरा होतं आणि पुढचं चाक आधी टेकतं. पुढच्या चाकावर आपटलं की विमान उसळतं, घाबरून योक पुढे ढकलला की दुसरी उसळी आणखी मोठी येते. घरी ह्या वीस फुटांचा सराव करूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी त्याच्या आधीचं सगळं घोटावं. धावपट्टीपासून ५०० फूट उंचीवर वेग ६५ नॉटच्या आसपास, पाच इकडे-तिकडे. फ्लॅप ठरवलेले, नाक मधल्या रेघेवर, खाली येण्याचा दर मिनिटाला साधारण ५०० फूट. यातलं एकही नसेल तर वाद न घालता पुन्हा वर जायचं: थ्रॉटल पूर्ण, फ्लॅप २० अंशांवर, ६० नॉट, चढाई सुरू झाल्याची खात्री, मग फ्लॅप टप्प्याटप्प्याने. घाईत फ्लॅप एकदम वर केले तर विमान खाली बसतं. हा निर्णय घ्यायची सवय घरी छान लागते. आणि गेममधली उलटी सवय, म्हणजे कसंही करून टेकवायचंच, ती सुटते.

आणखी एक फार सोपा उपाय. पॅनलच्या खालच्या भागावर पुठ्ठा लावून अख्खं सर्किट, म्हणजे उडून धावपट्टीभोवती फेरी मारून परत उतरायला येण्यापर्यंत, उडायला सांगा. सिम्युलेटरवाल्यांची नजर घड्याळांना चिकटलेली असते आणि ढग नसलेल्या दिवशी खरं उड्डाण बहुतांशी बाहेर बघून होतं: क्षितिज, नाक त्याच्या किती खाली, इंजिनाचा आवाज, आणि दुसरी विमानं. तिने वेगाचा अंदाज मोठ्याने सांगावा आणि मग पुठ्ठा उचलून बघावं. तुम्ही शेजारी बसून पुठ्ठा धरलात तर उत्तम.

कानाबद्दल थोडक्यात. आपल्या आतल्या कानाला हळूहळू सुरू झालेलं वळण कळत नाही, आणि वळण एकसारखं चालू राहिलं तर काही सेकंदांत ते थांबल्यासारखं वाटतं. मग विमान सरळ केलं की आता उलटीकडे वळतोय असं शरीर ओरडून सांगतं. ढगात याच भ्रमाने माणसं विमान चुकीच्या बाजूला कलंडवतात. घरी खुर्ची हलत नाही, त्यामुळे पॅनलवर विश्वास ठेवणं सोपं जातं, कारण विरोधात बोलणारं कुणी नसतं. तिचं इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग चांगलं असेल, पण ते अजून शरीराशी भांडून सिद्ध झालेलं नाही. उलट बाजूही सांगतो: व्हीआर चष्मा लावल्यावर तिला मळमळत असेल तर विमानातही तसंच होईल असं समजू नका. तिथे डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानाला जाणवत नाही, विमानात दोन्ही एकत्र असतात.

आता सोलापूरचं. सिम्युलेटर सुरू केलं की सहसा आल्हाददायक हवा मिळते आणि विमानाचं सगळं वागणं त्या हवेतलं डोक्यात बसतं. आपलं विमानतळ समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांच्या आसपास आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान धरतात १२ अंश. मे महिन्यात दुपारी ४२ असेल तर फरक ३० अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले की ३,६०० फूट, आणि मूळ उंची मिळवली की ५,१००. विमानाच्या दृष्टीने हवा पाच हजार फुटांवरच्या इतकी विरळ झाली. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती हजार फुटांना सुमारे ३ टक्के उतरते, म्हणजे १८० अश्वशक्तीतले पंचवीसेक घोडे गेलेच. समुद्रसपाटीला थंड हवेत पूर्ण भरलेलं १७२ एस मिनिटाला ७३० फूट चढतं, इथे ते साडेपाचशेच्या आसपास येतं. जमिनीवरची धाव ४० टक्क्यांच्या आसपास लांबते. धावपट्टी दोन किलोमीटरची आहे, ती पुरते. चढाई मंद असते, आणि नवखा माणूस 'वर का जात नाही' म्हणून नाक आणखी उचलतो, वेग घालवतो, मग ते अजिबातच चढत नाही.

उतरताना उलटा फसवा प्रकार. वेगमापकावर ६५ नॉट असले तरी विरळ हवेत खरा वेग ७० होतो. जमीन नेहमीपेक्षा भराभर मागे जाताना दिसते, आपण जोरात आहोत असं वाटतं आणि माणूस वेग कमी करून बसतो. तिथे वेगमापकावर विश्वास ठेवायचा. मिक्श्चर, म्हणजे इंधन आणि हवेचं प्रमाण, हेही बघावं लागतं: इतक्या विरळ हवेत लाल नॉब पूर्ण पुढे ठेवला तर इंजिनात इंधन जास्त, हवा कमी, आणि शक्ती आणखी उतरते. किती मागे घ्यायचा ते त्या विमानाच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेच करावं. सिम्युलेटरमध्ये हवामान स्वतः भरण्याची सोय असते. तिने ४२ अंश भरावेत, टाक्या पूर्ण, चार माणसांचं वजन टाकायचा मोह टाळून दोनच माणसं, आणि चढाईचा दर कागदावर लिहावा. मग १५ अंश भरून तेच पुन्हा. हे दोन आकडे समोरासमोर ठेवले की पुस्तकातलं घनता-उंचीचं प्रकरण आपोआप उलगडेल, आणि ते परीक्षेतही आहे.

वाऱ्याचा सरावही घरचाच आहे. आपली धावपट्टी १५ आणि ३३, म्हणजे १५० आणि ३३० अंश, आग्नेय-वायव्य. पावसाळ्यात वारा नैऋत्य-पश्चिमेचा असतो. तो २४० अंशांवरून आला तर धावपट्टीला काटकोनात. १७२ ला आडव्या वाऱ्यात १५ नॉटपर्यंत उतरवून दाखवलेलं आहे. तिने ८ नॉटपासून सुरुवात करावी: वाऱ्याकडचा पंख थोडा खाली, उलट पायाने नाक रेघेवर. पेडल घेतल्याचा खरा उपयोग इथे दिसेल. एक लक्षात ठेवायला हवं, की सिम्युलेटरमधल्या आजूबाजूच्या इमारती आणि मनोरे खऱ्याशी जुळतीलच असं नाही. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये विमानांना अडथळा म्हणून पाडावी लागली, हे सोलापूरकरांना सांगायला नको. खऱ्या उड्डाणात अडथळ्यांची माहिती अधिकृत नकाशांतून आणि सूचनांतून घेतात, स्क्रीनवरच्या चित्रातून नाही.

तिला आणखी एक काम द्या, आमच्या मते सगळ्यात जास्त फायद्याचं. सोलापूर ते कलबुर्गी, हवेतून साधारण ६० नॉटिकल मैल. नकाशावर रेघ मारायची, पेन्सिलने दिशा आणि वेळ काढायची, आणि स्क्रीनवरचा चालता नकाशा बंद करून उडायचं. १०० नॉटला ३६ मिनिटं लागतील. आडवा वारा २० नॉट असेल आणि तिने नाक ११-१२ अंश वाऱ्याकडे वळवलं नाही, तर पोचायच्या वेळी ती १२ नॉटिकल मैल, म्हणजे २२ किलोमीटर बाजूला असेल. खाली होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड असा रेल्वेमार्ग आहे. तो डावीकडे दिसायला हवा की उजवीकडे, हे आधी लिहून ठेवावं. पॉझचं बटण दाबायचं नाही. घराची बेल वाजली तरी नाही.

पॉझ हा शब्द इथे मुद्दाम आला. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्षी आदळून दोन्ही इंजिनं गेलेलं विमान हडसन नदीत उतरवलं गेलं. चौकशीत तेच उड्डाण सिम्युलेटरवर करून पाहिलं. पक्षी आदळताक्षणी वैमानिक वळला असं धरल्यावर काही प्रयत्नांत विमान धावपट्टीवर पोचलं. काय झालंय हे समजून घ्यायला ३५ सेकंद दिल्यावर पोचलं नाही. सिम्युलेटरसमोर बसलेल्याला काहीतरी होणार आहे हे माहीत असतं, आणि तेवढ्याने तो दुसराच वैमानिक होतो.

मुलगी यावर विचारेल, की मग एअरलाइनचे पायलट नवीन जातीचं मोठं विमान सिम्युलेटरवरच कसे शिकतात? प्रश्न योग्य आहे. ती यंत्रं सहा पायांवर सर्व दिशांना हलतात, कॉकपिट खऱ्याची प्रत असते, योकवरचा भार त्या विमानाच्या मोजमापांशी जुळवलेला असतो आणि सगळं ठरावीक मुदतीने तपासलं जातं. त्यात बसणाऱ्याकडे लायसन्स आधीच असतं, खऱ्या हवेतले शेकडो तास झालेले असतात. उड्डाण घेताना इंजिन बंद पडण्यासारखा सराव खऱ्या विमानात करणं धोक्याचं म्हणून तो तिथे होतो. तिच्या खोलीतलं यंत्र आणि ते, दोघांना नाव एकच आहे एवढंच.

रेडिओचा सराव मात्र तिने भरपूर करावा. धावपट्टी, उंची, दाब, ट्रान्सपॉंडरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) आकडा, हे ऐकून तसंच्या तसं परत म्हणायचं. भारतातल्या विमानांची नावं व्हीटीने सुरू होतात, म्हणून 'व्हिक्टर टँगो' पासून पुढची अक्षरं तोंडात बसायला हवीत. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकावा. बोलताना विमान दोनशे फूट खाली गेलं का, हेही बघावं, कारण पहिल्या काही तासांत नेमकं तेच होतं. इंजिन नेहमी चेकलिस्ट हातात घेऊन सुरू करावं, एका बटणाने नाही. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी दोन यंत्रं) १,८०० आरपीएमवर तपासताना एकावर १५० पेक्षा जास्त घसरण नको आणि दोघांतला फरक ५० च्या आत हवा, असले आकडे पाठ असले की पुढे इन्स्ट्रक्टरचा वेळ वाचतो. विमानाभोवतीची फेरी, टाक्यांच्या तळातून पेट्रोल काढून त्यात पाण्याचा थेंब आहे का बघणं (१७२ एसला अशा १३ जागा आहेत), हे मात्र हातानेच शिकायचं काम आहे.

तपासणीचा निकाल चांगला आला की बारामती किंवा कलबुर्गीच्या बाजूला एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत स्वतः जाऊन या, मुलीला घेऊन. किती विमानं आज उडण्याच्या स्थितीत आहेत, एका विद्यार्थ्याला आठवड्यात किती तास मिळतात, २०० तास पूर्ण करायला गेल्या तुकडीला किती महिने लागले, पैसे टप्प्याने घेता की एकदम, हे विचारा. तिथे शिकणाऱ्या दोन-तीन मुलांशी ऑफिसबाहेर बोला. पूर्ण फी भरण्याआधी इन्स्ट्रक्टरबरोबर एखादं परिचयाचं उड्डाण मिळतं का ते बघा, आणि मिळालं तर सकाळी लवकर घ्या. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा विमान इतकं हलवते की पहिल्यांदा बसणाऱ्याला त्यातून काही शिकता येत नाही. त्या दिवशी तिने बसल्या बसल्या इन्स्ट्रक्टरला सांगावं की सिम्युलेटरचे सहाशे तास झालेत. तो बहुधा पॅनल झाकेल आणि तिला बाहेर बघायला लावेल, आणि तसं त्याने करावंच.